पर्यावरणपूरक मोबाइल करायचाय? आधी फोन कशानं मरतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एकांना प्रकल्प म्हणून पर्यावरणपूरक मोबाइल करायचा आहे. बांबूच्या तंतूंचं झाकण, मक्यापासून बनलेलं विघटनशील प्लॅस्टिक आणि पाठीवर छोटं सोलर पॅनेल असा आराखडा तयार आहे. यातलं कुठलं मटेरिअल घ्यावं आणि ते आपल्याकडे परवडेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी पुण्यात हातात धरायच्या उपकरणांचं मेकॅनिकल डिझाइन करते. बिलिंगची यंत्रं, बारकोड स्कॅनर, गोदामात वापरायचे दणकट फोन हे माझं रोजचं काम. त्याआधी तीन वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बसले होते, आणि आज डिझाइन करताना त्या काउंटरचाच जास्त उपयोग होतो. म्हणून स्पष्ट सांगते: तुम्ही विचारलंय मटेरिअलबद्दल, पण तुमच्यापुढचा खरा प्रश्न आयुष्याचा आहे. तुमचा फोन तीन वर्षं वापरला जाणार की सात, यावर बाकी जवळजवळ सगळं ठरतं.

हिशेब मांडला की पटेल. एका स्मार्टफोनच्या जन्मापासून भंगारापर्यंतचं उत्सर्जन साधारण ४० ते ८० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं येतं. फेअरफोन ही दुरुस्तीला सोपे फोन बनवणारी छोटी डच कंपनी. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं तिच्या फेअरफोन ३ चा अभ्यास केला, तेव्हा तीन वर्षांच्या वापरासकट आकडा ४० किलोच्या जवळ आला. ॲपलनं आयफोन १२ साठी स्वतःच ७० किलो जाहीर केले होते, आणि त्यातला चार पंचमांशाहून जास्त भाग फोन बनवण्यातच गेलेला होता. बनवण्यातही मोठा वाटा चिपचा: प्रोसेसर, मेमरी, स्टोरेज, त्यांचा बोर्ड, आणि त्यानंतर डिस्प्ले. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यासाठी शेकडो पायऱ्यांची प्रक्रिया, अतिशुद्ध पाणी, वायू आणि चोवीस तास चालणाऱ्या धूळमुक्त खोल्या लागतात. ही वीज आणि हे पाणी फोन तुमच्या हातात येण्याआधीच खर्च झालेलं असतं.

आता तुमचं झाकण घ्या. त्याचं वजन २५ ग्रॅमच्या आसपास. साध्या पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे फोनच्या कवचाच्या नेहमीच्या कडक प्लॅस्टिकचं केलं तर त्याचं उत्सर्जन शंभर-दोनशे ग्रॅम होईल. बांबू लावून ते पार शून्यावर आणलंत असं धरलं, तरी ५० किलोंमधले दोनशे ग्रॅम वाचले. उलट तोच फोन तीनऐवजी सहा वर्षं चालला, तर मधे एक बॅटरी आणि एक डिस्प्ले बदलावा लागला तरी दुसरा अख्खा फोन बनवणं वाचतं.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती सांगायलाच हवी. वर दिलेल्या आकड्यांतला वापराचा भाग बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या विजेवर काढलेला असतो. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो उत्सर्जन धरतात. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. रोज पूर्ण चार्ज केली आणि चार्जरमधली गळती धरली, तर दिवसाला २५ वॅट-तास, वर्षाला नऊ युनिट, म्हणजे सहा किलोंच्या थोडं वर. तेव्हा भारतासाठी फोन करताना वापराचा वाटा मोठा धरावा लागतो, आणि चार्जर किती कार्यक्षम आहे याला महत्त्व येतं. पण म्हणून सोलर पॅनेल हा उपाय होत नाही. फोनच्या पाठीचं क्षेत्रफळ जेमतेम शंभर चौरस सेंटिमीटर. भर उन्हात तिच्यावर दहा वॅट पडतात, चांगल्या पॅनेलनं त्यातले दोन मिळतील. बॅटरी भरायला फोन नऊ-दहा तास कडक उन्हात पालथा ठेवावा लागेल. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा संकेत आहे, आणि उन्हात ठेवलेला फोन ती मर्यादा सहज ओलांडतो. वाचवलेल्या विजेपेक्षा बॅटरीचं कमी झालेलं आयुष्य महाग पडेल.

तुमची कल्पना आधी करून पाहिली गेली आहे, हेही माहीत असू द्या. जपानच्या एनईसीनं २००६ मध्ये केनाफ या अंबाडीसारख्या वनस्पतीच्या तंतूंनी बळकट केलेल्या जैवप्लॅस्टिकचा फोन काढला. २००९ मध्ये तर लाटच आली: मोटोरोलानं पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून 'रिन्यू' केला, सॅमसंगनं मक्याच्या प्लॅस्टिकचा 'रिक्लेम' आणि पाठीवर सोलर पॅनेल असलेला 'ब्लू अर्थ' आणला. त्यांची मुख्य ओळख कवचाची होती. त्यामागे प्रामाणिक मेहनत होती, पण आतला बोर्ड, बॅटरी आणि सॉफ्टवेअर किती वर्षं साथ देणार, हा प्रश्न तिथेच राहिला.

शिवाय मक्याचं प्लॅस्टिक, म्हणजे पीएलए, साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला गाडीच्या डॅशबोर्डवर फोन राहिला तर झाकण वाकडं झालंच म्हणून समजा. त्याचं विघटनही परसातल्या खड्ड्यात होत नाही. त्यासाठी तेवढंच तापमान टिकवून ठेवणारा कंपोस्ट प्रकल्प लागतो. आणि त्यात बांबूचे तंतू मिसळले की ते ना धड प्लॅस्टिकच्या पुनर्वापरात जातं, ना धड खतात. बांबू मलाही फार आवडतो. टोपलीत, फर्निचरमध्ये, घराच्या आढ्यात तो शोभतो, कारण तिथे तो बांबूच राहतो. फोनच्या पाठीवर तो रेझिनमध्ये बुडवलेला एक थर होऊन बसतो.

मग सुरुवात कुठून करायची? फोन मरतो कशानं, तिथून. काउंटरवर माझ्याकडे येणाऱ्या फोनचा क्रम ठरलेला असायचा: फुटलेला डिस्प्ले, उतरलेली किंवा फुगलेली बॅटरी, सैल झालेला चार्जिंग जॅक, पाणी गेलेला फोन, आणि शेवटी 'सगळं ठीक आहे हो, पण फार स्लो झालाय, ॲप चालत नाही' म्हणून येणारा. मदरबोर्ड आपण होऊन गेलेला फोन यांच्या मानानं विरळा. म्हणजे ज्या भागाच्या निर्मितीत सर्वाधिक उत्सर्जन झालं तो बोर्ड धडधाकट असतो आणि त्याच्याभोवतीच्या स्वस्त भागांपायी तो भंगारात जातो. तुमच्या प्रकल्पाचं काम एका वाक्यात सांगायचं तर त्या बोर्डाला जगवायचं.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. काही वर्षांपूर्वी एका हातातल्या यंत्राचं डिझाइन करताना आम्ही बॅटरी दुहेरी टेपनं मिडल फ्रेमला चिकटवली. जाडी दीड मिलिमीटरनं कमी झाली, जुळणीचा वेळ वाचला, ग्राहक खूश झाला. दोन वर्षांनी बॅटऱ्या फुगायला लागल्या आणि डिस्प्ले आतून उचलला जाऊ लागला. सर्व्हिसची मुलं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून पातळ पट्टीनं बॅटरी खरवडून काढत होती. दोन बॅटऱ्या तिथेच भोसकल्या गेल्या आणि धूर झाला. कुणाला इजा झाली नाही, पण त्या दिवशी मी तिथे होते आणि तो वास अजून आठवतो. शेवटी चांगले बोर्ड असलेली यंत्रं खोक्यांनी भंगारात गेली. पुढच्या आवृत्तीत आम्ही दोन मिलिमीटर जाडी परत घेतली, बॅटरीला स्वतःचा कप्पा दिला आणि फुगण्यासाठी मोकळी जागा सोडली.

तुमच्यापुढे पर्याय तीन-चार आहेत. सर्वांत चांगला म्हणजे नखानं उघडणारं झाकण आणि हातानं निघणारी बॅटरी. ते जमत नसेल तर चार स्क्रूंनी धरलेली कप्प्यातली बॅटरी. चिकटवायचीच असेल तर ओढली की निघून येणारी पट्टी लावा. मात्र ती जुनी झाली की मधेच तुटते, म्हणून तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. आयफोन १६ मध्ये ॲपलनं विजेचा हलका दाब दिला की सुटणारा गोंद वापरला. नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीनं तो सुटतो. कल्पना सुंदर आहे, पण तुमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला तो आठ वर्षांनी माहीत असेल का, हा विचार करा.

'बॅटरी निघणारी ठेवली तर पाणी आत जाईल' हे तुम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकावं लागेल. सॅमसंगच्या २०१४ च्या गॅलेक्सी एस५ मध्ये बॅटरी हातानं निघायची आणि फोन आयपी६७ होता (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी, शेवटचा आकडा पाण्याचा). त्यांचाच २०२२ चा एक्सकव्हर६ प्रो आयपी६८ आहे आणि त्याचीही बॅटरी निघते. म्हणजे हे शक्य आहे, फक्त मेहनत लागते. रबरी गॅस्केट, म्हणजे झाकणाची फट बंद करणारी कडी, सगळीकडे सारखी दाबली गेली पाहिजे, झाकण दोन खटक्यांच्या मधे फुगता कामा नये, आणि कोपऱ्यांत गळती आधी होते म्हणून तिथे खटके जवळ घ्यावेत. गॅस्केट कायमची दबून बसते, तेव्हा बॅटरीबरोबर नवी गॅस्केट द्यायची सोय ठेवा. कोकणातल्या ओल्या हवेत राहणाऱ्यासाठी फोन करताय की कोरड्या हवेत बसून काम करणाऱ्यासाठी, त्यावर किती संरक्षण हवं ते ठरेल. सगळ्यांना आयपी६८ लागत नाही.

डिस्प्लेचं सूत्र सोपं आहे: जो भाग सर्वांत जास्त फुटतो तो सर्वांत आधी निघाला पाहिजे. आज कित्येक फोनमध्ये उलटं असतं. फोल्डर (काच आणि डिस्प्लेचा एकत्र जोड) बदलायला मागचं झाकण हॉट एअरनं सोडवा, बॅटरी काढा, बोर्ड काढा, सगळ्या पट्ट्या सोडवा, मग रिकामी फ्रेम फेकून नवी जोडा. तासाभराचं काम, आणि प्रत्येक पायरीला काहीतरी तुटायची भीती. फेअरफोन ३ मध्ये डिस्प्ले स्क्रूंनी बसतो आणि साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरनं निघतो. चार्जिंग जॅक मुख्य बोर्डावर झाळू नका, त्याला स्वतःचा छोटा सब-बोर्ड द्या. कित्येक स्वस्त फोनमध्ये ही चांगली सवय आधीपासून आहे. आणि स्क्रू एकाच डोक्याचे, एकाच लांबीचे ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला आणि खालच्या बोर्डाचे थर छेदले गेले, असे फोन मी डझनांनी पाहिलेत. प्लॅस्टिकमध्ये थेट आवळलेला स्क्रू चार वेळा काढला की आटे जातात. तिथे पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, बसवा.

इथवर आलात की सगळंच वेगळं करता येणारं, खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखं करावं असा मोह होईल. २०१३ मध्ये 'फोनब्लॉक्स'ची कल्पना जगभर गाजली, गूगलनं 'प्रोजेक्ट आरा' त्याच दिशेनं नेला आणि २०१६ मध्ये बंद केला. प्रत्येक सांध्याला कनेक्टर लागतो, कनेक्टरला सोन्याचा मुलामा लागतो, मॉड्यूलला स्वतःची पेटी लागते. हे सगळं उत्सर्जनात मिळवावं लागतं, आणि फोन पडला की आधी सांधाच हलतो. माझ्या मते डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग सब-बोर्ड, कॅमेरा आणि स्पीकर एवढे भाग सुटे असले की पुरे. बाकीचं घट्ट बसू द्या.

आता ज्या कारणाकडे डिझाइनचे विद्यार्थी सहसा बघत नाहीत ते: सॉफ्टवेअर. फोन उघडायला सोपा असेल, सुटे भागही मिळत असतील, पण बँकेचं ॲप 'हे व्हर्जन चालत नाही' म्हणालं की गिऱ्हाईक नवा फोन घेतं. यात चिप बनवणाऱ्याचा हात मोठा असतो, कारण त्यानं त्या चिपसाठी ड्रायव्हर (चिप आणि अँड्रॉइड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) देणं थांबवलं की अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणणं फार कठीण होतं. फेअरफोन २ ची गोष्ट अभ्यासण्यासारखी आहे. २०१५ च्या शेवटी आलेल्या या फोनच्या चिपला तिच्या निर्मात्यानं अँड्रॉइड ६ नंतर साथ दिली नाही. त्या छोट्या कंपनीनं स्वतः खपून पुढच्या आवृत्त्या आणल्या, अगदी अँड्रॉइड १० पर्यंत, आणि २०२३ पर्यंत अपडेट दिले. पुढे फेअरफोन ५ साठी त्यांनी मोबाइलच्या नेहमीच्या चिपऐवजी औद्योगिक उपकरणांसाठीची क्वालकॉमची क्यूसीएम६४९० निवडली, कारण तिला निर्माता जास्त वर्षं आधार देतो. मोठ्या कंपन्यांनीही दिशा बदलली आहे: गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला जातो. तुम्ही चिप बनवू शकत नाही, पण कुठली निवडली आणि का, हे अहवालात एक पूर्ण पान लिहा. आणि मेमरी कार्डाची खाच ठेवा. जागा भरली म्हणून फोन बदलणारे खूप असतात, आणि सरसकट सगळ्यांना अवाढव्य स्टोरेज देणं म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला जास्तीचं सिलिकॉन.

आतापर्यंतचं एका दमात: उत्सर्जन बोर्डात आहे, मरण डिस्प्ले, बॅटरी, जॅक आणि सॉफ्टवेअरमुळे येतं, म्हणून मरणारे भाग सहज बदलता यावेत आणि बोर्डाला लांब आधार मिळावा.

ही माझी एकटीची आवड नाही, कायदाही तिकडेच चालला आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या स्मार्टफोनना नियम लागू झाले: विक्री थांबल्यानंतर सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग, किमान पाच वर्षं अपडेट, ८०० चार्जिंग चक्रांनंतर बॅटरीत ८० टक्के क्षमता, ४५ वेळा पाडूनही चालू राहणं. बॅटरी घरच्या घरी बदलता येत नसेल तर सूट मिळते, पण मग ५०० चक्रांनंतर ८३ टक्के, १००० नंतर ८० टक्के आणि धूळ-पाण्यापासून संरक्षण दाखवावं लागतं. हे आकडे तुमच्या प्रकल्पाची उद्दिष्टं म्हणून उचला, काही नवीन शोधू नका. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम उत्पादकावर पुनर्वापराची जबाबदारी टाकतात, आणि ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीनं मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे हे दाखवणाऱ्या गुणांकनाचा, अहवाल दिला आहे.

भंगाराचा विचार मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तिथून परत मिळणारं थोडं असतं. एका फोनमध्ये सोनं सुमारे ०.०३ ग्रॅम. तांब्याच्या भट्टीत बोर्ड गेला की सोनं, चांदी, तांबं, पॅलेडियम निघतं. टँटलम, दुर्मिळ मृदा यांसारखी मूलद्रव्यं मळीत हरवतात. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नोंदवलेल्या मार्गानं गोळा झाला. तरी दोन गोष्टी नक्की करा: भट्टीआधी बॅटरी झटकन निघावी, आणि प्लॅस्टिकच्या प्रत्येक भागावर आतून त्या प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं असावं. ॲल्युमिनियमची फ्रेम घेणार असाल तर पुनर्वापर केलेलं घ्या. त्याला नव्याच्या साधारण पाच टक्केच ऊर्जा लागते, म्हणून मटेरिअल बदलून खरा फरक पडतो तो इथे.

परवडेल का? स्क्रू आवळायला गोंदापेक्षा काही सेकंद जास्त लागतात, कप्प्याला जाडी लागते, सात वर्षांचे सुटे भाग साठवायला गोदाम लागतं. कमी संख्येनं फोन बनवणाऱ्याला हे जड जातं, मोठ्याला फारसं नाही. पण आपल्या बाजारात फोन घरात खाली उतरत जातो: बाबांचा आईला, आईचा आजीला, नाहीतर जुन्याच्या दुकानात. दोनशे-तीनशे रुपयांच्या मजुरीत डिस्प्ले बदलणारा कारीगर प्रत्येक तालुक्याच्या गावी बसलेला आहे. युरोपातल्या डिझायनरला इतकी स्वस्त सोय सहसा मिळत नाही. तुमचा फोन त्या कारीगराच्या हाताला सोपा करा, मग तो ग्राहकालाही परवडतो.

म्हणून प्रकल्पाची सुरुवात स्केचनं करू नका. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळच्या, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे आठवडाभर बसा. आधी विचारा, चहा पाजा, मधे मधे करू नका. तीन-चार डेड फोन विकत घ्या आणि प्रत्येकाची बॅटरी, डिस्प्ले, जॅक काढायला किती मिनिटं, किती हत्यारं, किती स्क्रू लागले याचा तक्ता करा. गोंद कुठे आला तिथे लाल खूण करा. मग तुमचं मॉडेल बनवा आणि त्याच कारीगराला, एक शब्द न सांगता, उघडायला द्या. त्याचा हात जिथे अडेल तिथे परत काम करा. हे झाल्यावर झाकणाचं मटेरिअल ठरवायला अर्धा दिवस पुरेल: पुनर्वापर केलेलं पॉलीकार्बोनेट, एकाच प्रकारचं, वरून रंग न लावता प्लॅस्टिकच्या दाण्यातच रंगवलेलं, वर रबराचा थर न चढवता. खटक्यांची जाडी आधी थ्रीडी प्रिंट करून दोनशे वेळा उघडून-लावून बघा.